ब्याण्णव पावलं

दोल्नी ओरेह, २० ऑगस्ट २००६

दोब्री,

फोन तू उचलतोस, पण माझा आवाज ऐकला की ठेवतोस. तेरा वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली की शेवटी मीच नंबर फिरवायचं सोडून दिलं. पत्राचं बरं असतं. फाडायचं म्हटलं तरी फाडण्याआधी दोन ओळी वाचून होतातच.

तर त्या दोन ओळी आधी लिहितो. नेवेनाचं लग्न ठरलं. शनिवार, सात ऑक्टोबर, इथंच, गावच्या चर्चमध्ये. मुलगा आसेन, गुरांचा डॉक्टर. शिकार करत नाही, मासे पकडत नाही, अळिंबीसुद्धा तुझ्या पेंका वहिनीने हुंगून दिल्याशिवाय तोंडात घालत नाही. तरी पोरगा चांगला आहे.

हे तुला तुझ्या मुलीने सांगितलंच असेल, दर रविवारी बोलता तुम्ही. तिने जे सांगितलं नसेल ते मी सांगतो. लग्नाला नवरीचा बाप लागतो आणि धर्मबाप लागतो. बाप तू. धर्मबाप वेल्को, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तिला त्यानेच उचललं, आता डोक्यावर मुकुटही त्यानेच धरायचा. आपल्याकडे धर्मबाप बदलत नाहीत. आई असती तर नुसत्या विचारानेच, अशुभ टळावं म्हणून, तीन वेळा थुंकली असती.

वेल्को येईल. पण त्याची एक अट आहे. त्याचेच शब्द सांगतो. दोब्रीने आपल्या हाताने लिहून द्यावं, की माझ्या मांडीत छर्रे घातले तेव्हा तो बारा पावलांवर होता, आणि ब्याण्णव पावलांची गोष्ट ही थाप होती. तसं लिहून दिलं तर त्याच्याशी हात मिळवीन. नाही दिलं तर तो जिथं असेल तिथं मी पाऊल ठेवणार नाही. आणि तू तर सांगून गेला आहेस, की गाव मला खोटारडा म्हणतंय तोवर मी गावात येणार नाही. झालं! दोघे दोन काठांवर, आणि मधल्या पुरात पोरगी.

एक ओळ, दोब्री. तुला स्पेनमध्ये त्याने काय फरक पडतो? तिथं लिंबांच्या पेट्या उचलणाऱ्या माणसाला कोण विचारतंय, की तू ९२ साली किती पावलांवर उभा होतास? पोरीसाठी लिहून टाक आणि मोकळा हो.

माझं म्हणशील तर ठीक आहे. शिकारी संघाने मला एक काम दिलंय. नव्या पोरांना टप्पा कळत नाही. टीव्हीवर बघतात आणि शंभर मीटरवरून सशावर बार काढतात, मग अर्धमेला ससा झुडपात सडतो. म्हणून संघाच्या घरात भिंतीवर लावायला एक तक्ता हवाय, कोणता छर्रा, कोणतं सावज, किती पावलं. आत्तापर्यंत लिहिलंय ते असं. लावा, दहा नंबर, तीस पावलं. तितर, सात नंबर, चाळीस. ससा, तीन नंबर, पंचेचाळीस, वर एक पाऊल नाही. रानडुकराला एकगोळी काडतूस, साठ पावलं, तेही डुक्कर उभं असेल तर. पावलं माझी, पाऊण मीटरची. रानहंसाचं काही सुचत नाही. आकाशात पावलं कशी मोजायची? तू डोळ्यांनी सांगायचास आणि बरोबर सांगायचास. सुचलं तर कळव.

मिंचो


३ सप्टेंबर

दोब्री,

उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यावरूनच काढलं असावं.

काल वेल्कोला लग्नाचं बोलावणं द्यायला गेलो. आसेन, नेवेना आणि तुझ्या जागी मी. सगळं रीतीप्रमाणे, भाजलेली कोंबडी, गोल पाव, लाल धागा बांधलेला वाइनचा चंबू. वेल्को काठी टेकत फाटकापर्यंत आला. पाय हिवाळ्यात जास्त दुखतो, पण आता उन्हाळ्यातही आत वळलेलाच असतो. कोंबडीकडे बघून आसेनला म्हणाला, "डॉक्टर, ही तुझ्या औषधाने गेली की आपल्या मरणाने?"

"माझ्या औषधाने गेली असती तर अजून फडफडत असती," आसेन म्हणाला.

वेल्को हसला. पोरगा त्याला आवडला. रकियाची बाटली काढली, नासपती कापल्या. नेवेनाने संधी बघून विचारलं, "धर्मबाबा, बाबा आले तर तुम्ही बोलाल ना त्यांच्याशी?"

"बोलेन की. तो खरं बोलला की लगेच बोलेन."

"एका पायापायी एवढं..."

"पाय गेला खड्ड्यात!" काठी अशी आपटली की कुत्रं बाकाखाली शिरलं. "पायाचं मी कधी मनात धरलं का गं? बंदूक आहे, सुटते. हॉस्पिटलात मी त्याला म्हटलं होतं, दोब्री, जागा सोडून जवळ आलास, होतं असं, एकदा म्हण आणि विसरू. तर माझ्या तोंडावर म्हणतो, मी जागा सोडली नाही, ब्याण्णव पावलं होती. डॉक्टर एकाच भोकातून चाळीस छर्रे चिमट्याने काढतोय आणि हा ब्याण्णव म्हणतोय! मला काय गाढव समजला? आम्ही एका पोळीतले दोन तुकडे होतो. मला त्याने खोटं सांगितलं, ते दुखतं."

तुला वेल्को ठाऊक आहे. रागावला की बरा, पण त्याचे डोळे भरून आले तेव्हा आम्ही तिघेही नासपतींकडे बघत बसलो.

परत येताना नेवेनाने माझा दंड धरला. "काका, तू खरं सांग. काडतुसं तू भरलेली होतीस. ब्याण्णव पावलांवरून तीन नंबरने तसं होऊ शकतं का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? छर्रे नळीतून निघतात तेव्हा मूठभर असतात, बारा पावलांवर तळहाताएवढे पसरतात, पंचेचाळीसला गाडीच्या चाकाएवढे, आणि नव्वदला कोठाराच्या दारात मावत नाहीत. कोर्टात मी हेच सांगितलं होतं. जखमेवर तळहात ठेवून पाहिला, जखम तळहाताएवढी, म्हणजे बारा पावलं. तज्ज्ञ म्हणून मलाच विचारलं होतं, भाऊ म्हणून कुणी विचारलं नाही.

संघातले लोक अजून तुझी आठवण काढतात. मांसाचे वाटे घालताना तुझं नाव घ्यायचं टाळतात एवढंच. वाट्यांकडे पाठ करून नावं पुकारायचं काम अजून माझ्याचकडे आहे. तोन्यू, आमचा प्रमुख, प्रत्येक वाट्यावर काठी ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" आणि मी न बघता नाव घेतो. त्या जागी कोणालाही उभं करत नाहीत हे तुला माहीत आहे.

ती ओळ लिही. वेळ जातोय.

मिंचो


१५ सप्टेंबर

दोब्री,

तुझं पत्र मिळालं. लिफाफ्यात एक कागद, कागदावर एक शब्द, "ब्याण्णव". सही नाही. एवढ्यासाठी स्पेनचं तिकीट लावलंस, त्यापेक्षा कबुतर सोडलं असतंस तर स्वस्तात पडलं असतं.

तो शब्द मी खिशात घालायच्या आधी नेवेनाने पाहिला. गणिताची मास्तरीण आहे ती, तुझी मुलगी. रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी पेंकाकडे चादर मागायला लागली. पेंका मिरच्या भाजत होती, हात काळे. "कसली चादर? माझ्या हुंड्यातली? अगं, पोतं घे, टॉवेल घे!" पण नेवेनाने चादर काढली, माझा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट काढला आणि मला म्हणाली, "काका, बंदूक घे. ओढ्याकडे जायचं. मला बघायचंय."

गेलो. जागा तशीच आहे. वरती तुझं अक्रोडाचं झाड, खाली ओढ्याचं वळण, तिथं वेल्को उभा होता तो दगड. मधे रानगुलाबाची झुडपं वाढलीत तेवढीच. तिने अक्रोडापासून स्वतः पावलं टाकली, लांब ढांगा टाकत, माझ्या पावलाएवढ्या. ब्याण्णवला थांबली. दगडापाशीच होती ती. तिथं दोन काठ्या रोवून चादर ताणली, पुढे कोट टांगला, आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मी तीन नंबर भरला आणि बार काढला.

चादरीत एकोणतीस छिद्रं, डोंगरभर चरायला पसरलेल्या मेंढ्यांसारखी. कोटाच्या लोकरीत दोन छर्रे अडकले होते, झटकल्यावर खाली पडले. तिने प्रत्येक छिद्राभोवती पेन्सिलीने गोल काढला, पुन्हा मोजली. मग म्हणाली, "आता बारावरून." बारा पावलांवरून कोटाला तळहाताएवढं भोक पडलं, कडा फाटक्या.

"पुरे," ती म्हणाली. चादरीची नीट घडी घातली, घडीवर घडी, शेवटी उशीएवढी झाली तरी घालतच होती. "म्हणजे बाबा खोटं बोलले. माझ्याशीसुद्धा. दर रविवारी." आणि तिथंच, त्या दगडावर बसून रडली. अकरा वर्षांची असताना तू बसमध्ये चढलास तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

मी बंदुकीची नळी खाली दुमडून ती खांद्यावर टाकली आणि वाट बघत उभा राहिलो.

आज ती तुझ्याशी फोनवर बोलली. मी अंगणात होतो, खिडकी उघडी होती. ती म्हणत होती, "मी स्वतः मोजलंय, बाबा. माझ्यासाठी आता तरी." पलीकडे तू काय बोललास ते ऐकू आलं नाही. फार काही बोलला नसावास.

मिंचो


२५ सप्टेंबर

दोब्री,

तुझी चिठ्ठी आली. या वेळी नेवेनाच्या नावाने. तिने जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली. "मी बारा पावलांवर होतो. मी जागा सोडली होती. तेरा वर्षं खोटं बोललो. वेल्कोची माफी मागतो. आता माझ्या मुलीचं लग्न होऊ द्या." खाली पूर्ण सही.

ती लगेच वेल्कोकडे गेली. त्याने चष्मा लावून एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि म्हणाला, "मोठं काळीज लागतं असं लिहायला." सूट धुवायला दिला. मुकुटावर बांधायच्या फिती आणायला शहरात जाऊन आला. सगळं जमलं. मला कुणी काही विचारलं नाही, मी काही बोललो नाही, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटलं. ही गाठ मी न बोलता सुटली म्हणून देवाचे आभार मानावेत एवढं हलकं.

काल संध्याकाळी नेवेना माझ्याजवळ येऊन बसली. "काका, आसेनकडची माणसं मला न्यायला येतील तेव्हा दारात तू उभा राहा. माझा हात तू दे."

मी म्हटलं, "बाप येतोय ना तुझा."

"येऊ देत. माफ करेन मी. पण त्या जागेवर ज्याने मला कधी खोटं सांगितलं नाही तो उभा राहायला हवा."

पेंका डोक्याच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागली. मी पाणी प्यायला म्हणून उठलो ते अंधार पडेपर्यंत गोठ्यामागे जाऊन बसलो. सहासष्ट वर्षांचा माणूस.

आता ऐक, आणि फाडायच्या आधी पूर्ण ऐक.

तू खरं बोलला होतास.

त्या हिवाळ्यात तोन्यू सत्तर मीटरवरून ससे लोळवायची फुशारकी मारत होता, तुला आठवत असेल. काडतुसं भरण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हा उपटसुंभ मला टप्पा शिकवणार! मी ऐकलं होतं की छऱ्यांवर मेणबत्तीचं मेण सोडलं की ते पसरत नाहीत, एकच गोळा होऊन जातात. नव्वदवर सुद्धा तळहाताएवढे. संघात त्याला बंदी आहे, आणि योग्य आहे. मी सहा काडतुसं तशी केली. कोणाला सांगितलं नाही.

ससे हुसकवायच्या तिसऱ्या हाक्याला तुझी काडतुसं संपली. तू माझ्याकडे आलास, मी दोन दिली. डाव्या खिशात साधी होती, उजव्यात मेणाची. घाईत खिसा चुकला.

तू नेहमीसारखा बार काढलास. ससा ओढ्यातून पळाला, पलीकडे ब्याण्णव पावलांवर वेल्को. आपल्याकडे समोर लांब माणूस असला तरी सगळे बार काढतात, तीन नंबर नव्वदवर म्हणजे गारा, कोटावर टपटपतात आणि पडतात, दोन शिव्या ऐकायच्या आणि रात्री रकिया पाजायची. तुझा त्यात काय दोष? तुझ्या हिशेबाने तिथवर काही पोचणारच नव्हतं.

वेल्कोपाशी पहिला मी पोचलो. मांडीत छर्रे, रक्त, आणि रक्तावर मेणाचे पांढरे कपचे. मी रुमालाने ते पुसले. तोन्यू येईपर्यंत काही उरलं नव्हतं. नंतर लोक वेल्कोला गाडीत घालत होते तेव्हा मी अक्रोडापर्यंत चालत गेलो आणि मोजलं. ब्याण्णव. बाबांनी आपल्या दोघांना एकाच दोरीवर पावलं टाकायला शिकवलं, तुझ्या माझ्या मोजण्यात फरक कसा पडेल?

मग पोलिसांनी मला विचारलं, आणि मी बारा म्हटलं.

पहिल्यांदा भीती होती, तुरुंगाची. पुढे तुला तुरुंग झाला नाही, नुसती बंदूक गेली आणि नाव गेलं, तेव्हा वाटलं, निभावलं. त्यानंतर भीतीची सवय झाली. तू नेवेनाला माझ्या दारात सोडून गेलास, मी तिला वाढवलं, वाटलं फेडतोय. कशाचं फेडतोय! तुझी बायको आधीच वारलेली; मी तुझी मुलगी ठेवून घेतली, तुझं गाव तोडलं, दोस्त तोडला. आणि दहाबारा दिवसांपूर्वी तिच्याबरोबर ओढ्यावर जाऊन तुझ्याविरुद्ध आणखी एक साक्ष दिली, चादरीवर.

एक ऑक्टोबरला डुकरांचा पहिला हाका आहे. सगळा संघ असेल, वेल्को रस्सा खायला येतोच. तिथं मी बोलणार आहे. तू बसमध्ये बस. चिठ्ठीतलं एक अक्षर खरं नाही हे मी सगळ्यांना सांगतो.

मिंचो


८ ऑक्टोबर, रविवार

दोब्री,

या पत्राला तिकीट नाही. तू वेल्कोच्या माडीवर झोपला आहेस, आपल्या दोन फाटकांमध्ये तीन घरं. पेंका चर्चला जाताना देईल.

तू अर्धंमुर्धं ऐकलं असशील, म्हणून आधी रविवारचं सांगतो. दोन डुकरं मिळाली. ओकच्या फांद्या पसरून एकोणीस वाटे घातले. तोन्यू म्हणाला, "मिंचो, पाठ कर." मी म्हटलं, "दुसरा माणूस बघा." सगळे हसले, वाटलं गुडघा दुखतोय. मग मी सांगितलं. मेण, काडतुसं, रुमाल, ब्याण्णव. दोन मिनिटांत संपलं. तेरा वर्षं वाटत होतं की सांगायला दिवस लागेल.

तोन्यू म्हणाला, "लग्नाच्या तोंडावर भावाला वाचवायला बोलतोयस तू." मी शपथ घेतली तेव्हा त्याने हातातली काठी खाली ठेवली.

वेल्को बाकावर होता, ताटली मांडीवर. त्याने एकच गोष्ट विचारली. "मेण माझ्या अंगावरून पुसलंस?"

"हो."

"मी ओरडत होतो तेव्हा?"

"हो."

"म्हणजे मी आईला हाका मारतोय आणि तू घर झाडतोयस." ताटली बाजूला ठेवली, काठी घेतली आणि निघाला. कोणी त्याला हात दिला नाही, त्याला आवडत नाही. मग तोन्यूने दुसऱ्याला पाठ करायला लावली. अठरा नावं पुकारली. एकोणिसावा वाटा कुत्र्यांना घातला.

घरी पोचलो तर नेवेनाच्या कानावर आधीच गेलं होतं. बॅग भरत होती. मी दारात उभा राहिलो. तिने मागे वळून न बघता एवढंच म्हटलं, "तू मला छिद्रं मोजायला लावलीस, काका." ती वेल्कोकडे राहायला गेली. नवरी म्हणून त्याच्या दारातून निघाली, आणि तिचा हात तू दिलास. बरं झालं. आसेन मात्र दुसऱ्या दिवशी आमच्या म्हशीला सुई टोचायला आला होता. म्हणाला, म्हशीचा काय दोष?

गुरुवारी तुझी बस आली तेव्हा वेल्को दोन तास आधीपासून थांब्यावर उभा होता, हे पेंकाने सांगितलं. तुम्ही नुसते मिठी मारून राहिलात आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, हेही तिनेच सांगितलं. सांगताना तीही रडली. माझ्याशी ती जेवणापुरती बोलते.

काल मी घरीच होतो. ढोल आणि पावा अंगणात ऐकू येत होते. ऐकून कळत होतं, आता मिरवणूक चर्चकडे वळली, आता मुकुट, आता नाच सुरू झाला. माझी बंदूक पोलिसात जमा केली, तक्ताही संघातून परत आणला. तोन्यू म्हणाला, तक्ता राहू दे, आकडे बरोबर आहेत. तरी आणला.

आणि चारच्या सुमाराला तू आलास.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. फाटकाशी उभा, केस पांढरे, अंगात दुसऱ्याचा कोट, हातात रुमालात बांधलेला लग्नाचा पाव. तू म्हणालास, "दादा." तेरा वर्षांनी.

मग म्हणालास, "खिसा चुकला रे. माणसाचा खिसा चुकतो. तेव्हाच बोलला असतास तर दोन चापट्या मारल्या असत्या आणि मिटलं असतं. भ्यालास. मीही भ्यालो असतो. वेल्कोचं मी बघतो, तो आठ दिवस फुरफुरेल आणि येईल. पोरगी माझं ऐकते. चल, कोट घाल, नाचायला ये."

मी गुडघ्याचं कारण सांगितलं. तू हसलास, पाव माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "मग उद्या जेवायला येतो. वहिनीला म्हणावं, मिरच्यांचं ते लोणचं काढ."

आज तू जेवायला येणार आहेस. त्याच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. मला माफी मिळाली ती भलत्याच गोष्टीची मिळाली, आणि तुझ्याकडून अशी माफी घेऊन तुझ्यासमोर ताटावर बसणं मला जमणार नाही. एवढी लाज अजून उरली आहे हे मलाही कालच कळलं.

खिसा चुकला नव्हता.

मेण घातलं की नळीवर दाब किती येतो हे मला माहीत नव्हतं. कोणी म्हणायचं काही होत नाही. प्लेव्हेनच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं की त्याच्या चुलत्याची नळी फुटली आणि तीन बोटं गेली. माझी बंदूक नवी होती, दोन वर्षं पैसे साठवून घेतलेली. तुझ्याकडे बाबांची जुनी दुनळी. सहा काडतुसं महिनाभर माझ्या खिशात फिरत होती आणि मला ती उडवायचा धीर होत नव्हता. मग तू आलास आणि हात पुढे केलास. मी उजव्या खिशात हात घातला, बोटांना जड लागली, कोणती आहेत ते नीट समजलं, आणि दिली. मला वाटलं, बघू तरी.

तू मला फार प्रिय होतास, दोब्री. तेव्हाही होतास, त्या क्षणीही. आई गेल्यावर मी तुला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचो. हे मी बचावासाठी लिहीत नाही. तसं असूनही दिली, म्हणून लिहितोय.

माझी जागा तुझ्यापासून तीस पावलांवर होती. हाकाऱ्यांचा आरडाओरडा जवळ आला, ससा ओढ्यात उतरला, तू बंदूक खांद्याला लावलीस. तू बार काढायच्या आधीच मी ओकच्या झाडाआड जाऊन उभा राहिलो होतो.

मिंचो